किन्वाचं बी घरी धरताय? मग या चुका टाळा

पुण्याच्या आसपास हौसेने किन्वा (दक्षिण अमेरिकेतलं बारीक दाण्याचं धान्य) लावणारे वाढलेत, पण बहुतेकांची गाडी पहिल्याच स्टेशनावर चुकते, कारण ते रंगालाच वाण समजतात. पांढरा, लाल, काळा हे पाकिटावरचे प्रकार झाले, शेतात त्यावरून काही कळत नाही. शेजारी ठेवलेल्या दोन पांढऱ्या दाण्यांपैकी एक बोलिव्हियात उयुनीच्या खाऱ्या पठारावरचा, म्हणजे साडेतीन हजार मीटरच्या वरचा असू शकतो आणि दुसरा चिलीच्या समुद्रकाठचा, आणि आपलं पुणं साधारण ५६० मीटरवर. किन्वाचे ढोबळ ५ गट मानतात: अँडीजच्या दऱ्यांमधला, टिटिकाका सरोवराकडच्या उंच पठारावरचा, खाऱ्या पठारावरचा, युंगासच्या दमट उतारांवरचा आणि समुद्रकाठचा. दऱ्यांमधले काही वाण सहा महिन्यांच्याही पुढे जातात, आपली थंडी कुठे एवढी टिकते? फुलोऱ्यात पारा ३५ च्या वर गेला की दाणा भरत नाही, कणीस दिसायला भारदस्त आणि चोळलं की हातात नुसता भुसा. म्हणून फेब्रुवारीत पेरायचंच नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकून टाका. बी घेताना गट कुठला आणि किती दिवसांत येतं ते विचारा, विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर सरळ पुढे चला. डेन्मार्कमध्ये तयार केलेला टिटिकाका नावाचा वाण दिवस लहान की मोठा याचं फारसं मनावर घेत नाही आणि लवकर येतो, असं काही मिळालं तर उत्तम.

मॉलमधलं पाकीट पेरणं ही दुसरी चूक. तो दाणा घासून-धुवून आलेला असतो, उगवला तरी त्यात कुठलं काय मिसळलंय देव जाणे.

आता "गेल्या वर्षी गोड होता, यंदा कडू कसा झाला?" हे प्रकरण. लोक मातीला, पाण्याला, खताला दोष देतात पण बऱ्याचदा भानगड परागकणांची असते. किन्वा मुख्यतः स्वतःचं स्वतः फळतो, तरी साधारण १० ते १५ टक्के परपरागीभवन (दुसऱ्या झाडाच्या परागकणांनी फळणं) होतं, कारण एकाच कणसात नर-मादी दोन्ही भाग असलेली पूर्ण फुलंही असतात आणि नुसती मादी फुलंही. कडूपणा सॅपोनिनचा, म्हणजे पाण्यात फेस आणणाऱ्या कडू द्रव्याचा, आणि कडू गुण गोडावर भारी पडतो. गंमत अशी की सॅपोनिन दाण्याच्या वरच्या सालीत असतं आणि ती साल आईच्या झाडाची असते, त्यामुळे गोड झाडावर कडूचे परागकण पडले तरी त्या वर्षीचा दाणा गोडच लागतो! तो पेरला की येणारं झाड कडू. म्हणजे यंदाचा दाणा चाखून पुढच्या वर्षीची खात्री देता येत नाही. २०१७ मध्ये किन्वाचा जिनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा नकाशा, प्रसिद्ध झाला तेव्हा या कडूपणामागचा जीनही सापडला, गोड वाणांत तोच बिघडलेला असतो. आपल्याकडे लॅब नाही, तर बाटलीत चमचाभर न धुतलेले दाणे आणि पाणी घालून जोरात हलवा, रिठ्यासारखा फेस टिकला की कडू. प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून वेगळ्या ओळीत पेरलंत तर कुठल्या ओळीत गोड-कडू मिसळलंय ते लगेच दिसतं, सगळं एकत्र कालवलंत की मग शोधत बसा.

मुद्दाम संकर करायचा असेल तर आई हिरव्या खोडाची आणि बाप जांभळ्या खोडाचा घ्या. फुलं इतकी बारीक की पुंकेसर काढताना चूक होणारच, पण पुढच्या पिढीत जांभळी निघाली ती खरी संकराची, हिरवी निघाली ती आईनेच स्वतःला फळवलेली. जांभळा रंग हिरव्यावर भारी पडतो म्हणून ही युक्ती चालते.

चाकवताचं विसरू नका. तो किन्वाचा चुलतभाऊ, रोप लहान असताना पानावर तशीच पांढरी भुकटी, खुरपणीला आलेल्या मावशी चाकवत म्हणून किन्वाच उपटतात किंवा उलटं. संकराची फार भीती नाही, चाकवतात सहसा ५४ गुणसूत्रं आणि किन्वात ३६, पण त्याचा बारीक काळा चकचकीत दाणा बियाण्यात मिसळला की काढता काढता नाकी नऊ येतात. त्याला फुलोरा यायच्या आत उपटा आणि भाजी करा.

एकाच दांडग्या कणसाचं बी धरणं हीसुद्धा चूकच. डाऊनी मिल्ड्यू हा पानांवरचा बुरशीसारखा रोग आला (दमट हवेत येतोच) तर एकसारखी झाडं एकदमच बसतात, तेव्हा निदान पन्नास-साठ निरोगी झाडांचं बी धरा आणि त्यातली काही मुद्दाम लवकर येणारी ठेवा.

साठवण: किन्वाला सुप्तावस्था (पिकल्यावर काही काळ न उगवता राहणं) जवळपास नसते, अवकाळी झाली की कणसातच मोड येतात. कापून कडक वाळवा, सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, पुण्याच्या पावसाळ्यात उघडं पोतं म्हणजे बी गेलंच समजा. पेरणीच्या आधी ओल्या कागदावर १०० दाणे मोजून ठेवा, दोन दिवसांत मोड कळतात. निम्मेही उगवले नाहीत तर पेरायच्या फंदात न पडता चांगला चोळून धुवा आणि उपमा करा.