गंजलेल्या मारुतीचा पुढचा भाग खोलताना

आमची मारुती ८०० आहे १९९८ सालची. घर वेंगुर्ल्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. पंधरा-वीस वर्षं बंदरावरची मासळी याच गाडीच्या डिकीतून घरी आली. बर्फाचं खारं पाणी कार्पेटखाली मुरलं ते मुरलंच. २०१३, २०१८ आणि २०२३ अशी तीन वेळा गाडी पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला उभी राहिली आणि पास झाली. इंजिन अजून एका सेल्फमध्ये उठतं. खालून मात्र गंजाने तिला बरंच खाल्लंय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी भरकटू लागली, आणि खड्ड्यात डावं चाक गेलं की ‘टक्’ असा कोरडा आवाज यायचा. आई मागे बसली होती, तिलाही ऐकू आला. ‘खालसून कायतरी वाजता हा,’ म्हणाली. दसऱ्यानंतर अंगण सुकलं आणि मी काम काढलं. दोन्ही टाय रॉड एंड (स्टेअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याची टोकं), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारे हात), स्टॅबिलायझरचे बुश (पुढच्या आडव्या रॉडची रबरं) आणि पुढचे दोन शॉकअप, एवढं बदललं. हात माझे, शिकवण बाबांची. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि आवाजावरून सगळं सांगतात.

झीज नेमकी कुठे आहे हे आधी ठरवा, नाहीतर चांगला पार्ट निघतो आणि खराब तसाच राहतो. पुढचं चाक उचला. घड्याळात ९ आणि ३ असतात तिथे दोन्ही हात धरून चाक हलवा. खुळखुळलं तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचा रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की सरकणारी दातेरी पट्टी. मग १२ आणि ६ ला धरून हलवा. इथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळाला तर व्हील बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे गोल डोक्याचा फिरता सांधा. दोन्हींतलं कोणतं ते ओळखायला कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग, तरीही हलत राहिलं तर बॉल जॉइंट. टाय रॉडसाठी आणखी एक खात्रीची पद्धत आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोटं ठेवायची. जे डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. आमचा डावा जॉइंट बोटाखाली सुपारीसारखा गरगरत होता.

यानंतर लगेच पाना उचलू नका. आधी पत्रा बघा. गंजलेल्या गाडीत खरा प्रश्न असतो तो पार्ट ज्याला धरून आहे त्या पत्र्याचा. नवा लोअर आर्म सडलेल्या ब्रॅकेटवर बसवला तर पैसे आणि जीव दोन्ही वाऱ्यावर. मी लहान हातोडी घेऊन गाडीखाली गेले आणि एकेक जागा वाजवत निघाले. लोअर आर्मची ब्रॅकेट, स्टॅबिलायझर जिथे बॉडीला बोल्टने धरलाय ती जागा, दाराखालची पट्टी, आणि बॉनेट उघडून शॉकअपच्या वरचा गोल पत्रा. जिवंत पत्रा ‘टण’ करतो. सडलेला ‘भद’ करतो, आणि आतून गंजाची पापुद्री गळताना ऐकू येते. डाव्या दाराखाली वाजवलं तसे बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘तो पत्रो मेलो गो.’ मी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, सरळ आत गेला. वरचा काळा अंडरकोट मात्र शाबूत दिसत होता. असा अंडरकोट फसवतो. आतलं पाणी तो बाहेर येऊ देत नाही आणि पत्रा त्याच्यामागे सडत राहतो.

मेलेला पत्रा सापडला तर आधी वेल्डिंग, मग सस्पेन्शन. वेल्डरला सांगा की कुजलेला भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जा, वरून ठिगळ नको. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि आतलं कार्पेट उचलून बाजूला करा. खालून वेल्डिंग चालू असताना आत कार्पेट पेट घेतं आणि खाली पडलेल्या माणसाला ते कळतही नाही. पेट्रोलची नळी कुठून जाते ते वेल्डरला बोट लावून दाखवा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवाच.

याच दाराखालच्या पट्टीला मी तीन वर्षांपूर्वी जॅक लावला होता. पत्रा कागदासारखा चुरगळला आणि गाडी चार बोटं खाली आली. चाक काढलेलं नव्हतं आणि मी खाली नव्हते, म्हणून निभावलं. तेव्हापासून जॅक फक्त वाजवून पास झालेल्या जागेवर, आणि गाडी उचलली की लगेच लोखंडी घोड्या, म्हणजे पिन अडकवून उंची धरणारे तिपाई स्टँड. आपल्या कोकणात गाडीखाली चिरा लावायची सवय आहे. कृपा करून लावू नका. जांभा वरून दगड दिसतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की तो न सांगता फुटतो. घोड्या नसतील तर कुणाकडून मागून आणा, तोवर काम थांबवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सारून ठेवा.

नट-बोल्ट सुटणार की तुटणार हे काम सुरू होण्याच्या तीन दिवस आधी ठरतं. पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे घासून स्वच्छ करा. हे न करता नट फिरवला तर बाहेरच्या आट्यांवरचा गंज नटात शिरतो आणि तो अर्ध्यावर जाम होतो. मग गंज सैल करणारा स्प्रे मारा, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. आमच्याकडे ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून बाटलीत ठेवतात, तेही चांगलं शिरतं, फक्त ते भडकन पेटतं. ते मारलेल्या जागी त्याच दिवशी आच लावायची नाही. या गाडीखाली बहुतेक काम १२, १४, १७ आणि १९ च्या पान्यांवर भागतं. सॉकेट सहा कडांचे घ्या. बारा कडांचा सॉकेट गंजलेल्या नटावर घसरतो, कड गोल होते आणि मग छन्नीशिवाय इलाज नाही. सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडा. पाव फेरा सुटला की पुन्हा अर्धा पाव आत, पुन्हा बाहेर. बोल्ट चिरकला की थांबून तेल द्यायचं. पाइप घालून एका दमात ओढलात तर बोल्टचं डोकं हातात येईल.

टाय रॉड एंडपासून सुरुवात करा, कारण हे काम हात बसवून देतं. जॉइंट जागेवर घट्ट असतानाच त्याच्या मागचा लॉकनट, म्हणजे जॉइंट फिरू न देणारा नट, सैल करा. नंतर सगळंच फिरायला लागतं. मग मोजमाप. लॉकनट होता तिथे आट्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारा, आणि जुना एंड काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून दारावर खडूने लिहा. आमच्या डाव्या बाजूला साडेपंधरा फेरे होते. नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवला की गाडी निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाते.

खालची स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून भोकातून घालून टोकं वळवलेली पिन, गंजून भोकातच मुरलेली असते. सरळ निघाली नाही तर दोन्ही बाजूंनी कापा आणि सरळ नट फिरवा, उरलेला तुकडा चिरडला जातो. नट काढला तरी जॉइंट खाली पडत नाही, कारण त्याचा दांडा निमुळता आहे आणि निमुळत्या भोकात रुतलेला आहे. लोक इथे दांड्याच्या टोकावर हातोडा मारतात. टोक मशरूमसारखं पसरतं आणि मग काहीच निघत नाही. पुलर, म्हणजे दांडा दाबून बाहेर काढायचं अवजार, लावा, ताण द्या, आणि मग नकलचं (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी तुकड्याचं) जे डोळं दांड्याला धरून आहे त्याच्या बाजूवर हातोड्याने एक ठोका द्या. पुलर नसेल तर दोन हातोडे घ्या, एक डोळ्याच्या एका बाजूला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने समोरून मारायचं. डोळं क्षणभर दबतं आणि दांडा सुटतो. नट दोन-तीन आट्यांवर ठेवूनच हे करा, म्हणजे सुटलेला रॉड अंगावर येत नाही. उजवीकडचा तिसऱ्या ठोक्याला ‘टाक’ करून सुटला. डावीकडच्याने मात्र पाऊण तास घेतला.

नवा बसवण्याआधी ते भोक कोरड्या फडक्याने लख्ख पुसा. इथे ग्रीस लावायचं नाही, निमुळता दांडा कोरडाच धरतो. नट आवळल्यावर पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर आणखी आवळून जुळवा. जुळवण्यासाठी सैल कधीच करू नका. पिन नेहमी नवी.

या गाडीत स्टॅबिलायझर रॉडच्या टोकाला लोअर आर्म अडकलेला असतो, आणि ब्रेक मारताना चाकाला मागे जाऊ न देण्याचं काम तोच रॉड करतो. म्हणून त्याचे बुश संपले की ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते. टोकाचा नट आणि स्प्लिट पिन काढा, वायसर कोणत्या तोंडाने होते त्याचा फोटो काढून ठेवा. बॉडीला धरणारे बोल्ट सगळ्यात धोक्याचे. त्यांचे नट बॉडीच्या आत वेल्ड केलेले असतात, आणि गंजलेल्या गाडीत ते आतल्या आत फिरू लागतात. इथे हळूपणाची खरी गरज असते. आमचे चारपैकी तीन निघाले, चौथ्याचा नट आत फिरला. मग शेजारी पत्र्याला छोटी खिडकी कापून, नवा नट आत वेल्ड करून, खिडकी पुन्हा बंद करून घ्यावी लागली. त्यात एक पूर्ण दिवस गेला.

लोअर आर्म बॉल जॉइंटसकट नवा मिळतो, नुसता जॉइंट ठोकून बसवण्याच्या भानगडीत पडू नका. नकलमध्ये जॉइंटचा दांडा एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्याच्या खाचेतून गेलेला असतो. मग फटीत छन्नी हलकेच घालून फट किंचित उघडा आणि आर्म खाली दाबा. आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट बुशच्या लोखंडी नळीला गंजाने चिकटतो आणि रबरासकट फिरतो. बुश जाणारच आहे, त्यामुळे आच द्यायला हरकत नाही, पण ब्रेकची रबरी नळी आणि पेट्रोलची नळी ओल्या गोणपाटाने झाका. आच नटाला द्यायची, बोल्टला नाही. रबर जळताना निघणारा धूर वाईट असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा.

शॉकअपबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. वरचा मधला नट गाडीवर असताना किंवा स्प्रिंग आवळलेली नसताना कधीही काढायचा नाही. त्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. मी सबंध शॉकअप खाली उतरवला आणि स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवायला, ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये नेला. घरी परत आणून बसवायचं काम माझं.

आता ज्या चुकीमुळे नवे बुश सहा महिन्यांत फाटतात ती. गाडी घोड्यांवर असताना चाकं लटकलेली असतात, आर्म खाली झुकलेला असतो. त्याच स्थितीत आर्मचा बोल्ट घट्ट केलात तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट हाताने बसवा, चाकं लावा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्या, चार वेळा बॉनेट दाबून हलवा आणि मग शेवटचं आवळा, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. खाली शिरायला जागा हवी म्हणून मी दोन्ही पुढची चाकं जाड, रुंद फळ्यांच्या थरावर चढवली.

उघड्या पडलेल्या पत्र्याला ब्रश, मग रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. पोकळ भागांत मेणासारखं घट्ट राहणारं अँटिरस्ट फवारा. बंदरावर होड्यांना माशाचं तेल फासतात तसं गाडीला फासणारेही पाहिलेत, पण तेल रबरावर गळलं की नवे बुश फुगून मऊ होतात, म्हणून मी टाळते. दाराखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा.

स्टेअरिंग सरळ बसलंय असं वाटलं तरी अलाइनमेंट त्याच दिवशी. चुकलेला टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलीत ते माप, टायरची एक कड फार लवकर खाऊन टाकतो. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. मी शिरोड्याला जाऊन आले तेव्हा बाबा पुढच्या सीटवर होते. काच खाली करून वाटभर ऐकत बसले. रेडीच्या फाट्यावर म्हणाले, ‘आता फक्त डावो मडफ्लॅप सैल हा.’ घरी येऊन बघितलं तर त्याचा एक स्क्रू खरंच निघालेला होता.