डिझेल गाडीचा ईजीआर अडकलाय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एका काकांची डिझेल गाडी चढेना. दुसऱ्या गिअरमध्येही दम नाही, मागे काळा धूर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. माझ्याकडे येईपर्यंत डिझेल फिल्टर आणि दोन इंजेक्टर बदलून झाले होते. "मिस्त्री, आता टर्बो उतरवायला सांगतायत. उतरवू का?" काकांनी असं विचारलं तेव्हा फार वाईट वाटलं. ईजीआर काढला, तर झडपेच्या सीटवर हरभऱ्याएवढा काजळीचा खडा बसला होता. झडप मिटतच नव्हती.

ईजीआर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग परत आत सोडतो. त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडं कमी तयार होतात. गाडी निवांत चालली असताना झडप उघडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती मिटायलाच हवी, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा लागते. म्हणून आधी एवढंच शोधायचं, की झडप उघडी अडकलीय की बंद. उघडी अडकली तर काळा धूर, पिकअप गायब, स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन थरथरतं, कधी सिग्नलला बंदही पडतं. बंद अडकली तर चालवणाऱ्याला फारसं काही कळत नाही. दिवा लागतो, इंजिनाचा टकटकाट किंचित वाढतो, एवढंच.

कोड म्हणजे पार्टचं नाव समजणे

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. गाडीला जोडून दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी0401 हा कोड आला की लगेच नवा ईजीआर मागवला जातो. पण पी0401 चा अर्थ "धूर अपेक्षेपेक्षा कमी येतोय" एवढाच. पी0402 म्हणजे जास्त येतोय. पी0403 आला तर वायरिंग आणि कनेक्टर आधी पाहा.

धूर किती आला, हे बऱ्याच गाड्यांमध्ये थेट मोजलंच जात नाही. झडप उघडल्यावर ताजी हवा किती घटली, यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अंदाज बांधतो, आणि ती हवा मोजतो एअर फिल्टरनंतरचा हवेचा सेन्सर. तो मळलेला असेल, तर दोष त्याचा आणि नाव ईजीआरचं. इंटरकूलरचा पाइप फाटला तरी तसंच: सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, काळा धूर येतो, पिकअप जातो, आणि वर पी0401 सुद्धा येऊ शकतो. "धूर कमी येतोय" हा कोड आणि मागे काळा धूर, ही जोडी दिसली की मी आधी पाइपवरून हात फिरवतो. फाटलेल्या जागी बहुतेक वेळा ऑइलचा ओलसर डाग असतो आणि चढावर तिथून फुसफुस ऐकू येते.

कनेक्टर काढून निकाल लावणे

"कनेक्टर काढून चालवली, काहीच फरक नाही, म्हणजे ईजीआर ठीक." हे मी कितीदा ऐकलंय! कनेक्टर काढल्यावर झडप स्प्रिंगच्या जोरावर मिटते. मध्ये खडा अडकला असेल तर स्प्रिंग तरी काय करणार? फरक पडला तर ईजीआरवर संशय घ्या, पण पडला नाही म्हणून त्याला सोडून देऊ नका.

त्यापेक्षा इंजिन नीट गरम करा आणि स्कॅनरवर दोन आकडे शेजारी ठेवा: ईसीयूने मागितलेली झडपेची स्थिती आणि प्रत्यक्षातली. मागणी शून्य आणि प्रत्यक्षात 15-20 टक्के दिसत असेल, तर झडप मिटत नाहीये.

मग हवेचा आकडा बघा, म्हणजे एका सिलिंडरमध्ये दर वेळी किती मिलिग्रॅम हवा जाते ते. 1248 सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडर 312 सीसीचा. एक सीसी हवा साधारण 1.2 मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण भरला तर 370 मिलिग्रॅमच्या आसपास. गरम इंजिनात त्याहून थोडी कमी. झडप बंद असायला हवी तेव्हाही स्लोवर हा आकडा दोनशेच्या घरात असेल, तर एक तर आत धूर शिरतोय किंवा सेन्सर चुकतोय. ईजीआरच्या पॅकिंगमध्ये तपासणीपुरता पातळ पत्रा घालून धुराची वाट बंद करा. आकडा वर उसळला तर झडप गळतेय. जागचा हलला नाही तर सेन्सर पाहा. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे हा आकडा दहा-बारा टक्के कमीच येणार, घाबरू नका.

मागून धूर नाही म्हणून निर्धास्त राहणे

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातल्या काजळीचा फिल्टर असतो. काजळी तिथे अडकते, त्यामुळे ईजीआर उघडा राहिला तरी मागे धूर दिसेलच असं नाही. डीपीएफ मात्र लवकर भरतो आणि सारखं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) मागतो. अशा वेळी नुसता डीपीएफ साफ करून गाडी परत दिली, तर ती पुन्हा येणार.

साफ करताना होणारं नुकसान

अख्खा ईजीआर मोटरसकट डिझेलमध्ये भिजत घालू नका. मोटर आणि सेन्सरचा भाग वर, कोरडा ठेवून फक्त काजळीच्या तोंडावर क्लिनर मारा. झडप स्क्रूड्रायव्हरने उचकटली तर आतले प्लॅस्टिकचे दात तुटतात. ईजीआरचा मार्ग आणि इनटेक मॅनिफोल्डही उघडून पाहा, नळीत करंगळी जाणार नाही इतका थर मी पाहिलाय. पॅकिंग नवंच घाला. आणि चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये ज्वलनशील स्प्रे कधीही मारू नका. तो इंधनासारखा जळतो आणि आरपीएम हाताबाहेर जाऊ शकतो.

कूलंट कमी होतंय, बाहेर गळती नाही आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर तपासा. तिथे साफसफाई कामाची नाही.

कायमचा पत्रा टाकणे

तपासणीचा पत्रा तपासणीनंतर काढायचाच. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं नाही. त्यामुळे पत्रा टाकूनही पीयूसी मिळतं आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. तो वायू दिसत नाही, पण आपल्याच गल्लीतली पोरं तो श्वासात घेतात. मी हे काम करत नाही.

काकांच्या गाडीचा ईजीआर साफ केला आणि स्कॅनरवरून ईसीयूला झडपेची बंद स्थिती पुन्हा शिकवली. बरेच जण हे विसरतात आणि मग साफ झडपेवरही दिवा लागतो. स्कॅनर जोडूनच पुन्हा कुंभार्लीला गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला: मागणी शून्य, प्रत्यक्षातही शून्य. टर्बोला हात लावावा लागला नाही.