मॉलच्या छतावर सोलर बसवताना: आधी छत, मग पॅनेल

सोलर कंपनीला फोन करायच्या आधी छताची किल्ली मागून घ्या आणि स्वतः वर जाऊन या. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर एकदा. मी इमारतींच्या देखभालीतली इंजिनिअर. चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), पंप, लिफ्ट, गळती हे माझं रोजचं काम, आणि सोलरपर्यंत मी त्याच वाटेने पोचले. म्हणून माझा पहिल्यापासून एकच आग्रह असतो: व्यापारी संकुलावरचं सोलर पॅनेलच्या ब्रँडवर ठरवू नका, छत आणि विजेचा वापर बघून ठरवा. चांगल्या कंपन्यांच्या पॅनेलांमध्ये आज फार फरक उरलेला नाही. छत मात्र प्रत्येक इमारतीचं वेगळं असतं.

छताचं आयुष्य किती उरलंय?

पॅनेलवर साधारण २५ वर्षांची उत्पादनाची हमी मिळते. सपाट छतावरचं वॉटरप्रूफिंग सहसा तेवढं टिकत नाही, पंधरा-वीस वर्षांत ते नव्याने करावं लागतं. म्हणजे दहा वर्षं जुन्या छतावर आज पॅनेलं चढवली, तर मधल्या काळात कधीतरी ती सगळी उतरवून, वॉटरप्रूफिंग करून, पुन्हा बसवावी लागणार. तो खर्च कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. वॉटरप्रूफिंगचं आयुष्य थोडंच उरलं असेल, तर ते काम आधी उरकून घ्या. शक्य असेल तर वरचा थर पांढरा, ऊन परतवणारा निवडा. खालचे मजले थोडे थंड राहतात, आणि दोन्ही बाजूंनी वीज बनवणारी पॅनेलं घेतली तर त्यांच्या मागच्या बाजूलाही प्रकाश मिळतो.

पावसानंतर वर गेलात की पाणी कुठे साचतंय ते खडूने आखून फोटो काढून ठेवा. दोन दिवसांनंतरही जिथे पाणी उभं असेल, तिथे आधी उतार दुरुस्त करून घ्या. वॉटरप्रूफिंगची हमी अजून चालू असेल तर ज्यांनी ते काम केलं त्यांना सोलरचा आराखडा दाखवून लेखी संमती घ्या, आणि काम संपल्यावर त्यांच्याकडूनच छताची पाहणी करून घ्या. हे केलं नाही, तर पुढे गळती सुरू झाल्यावर छतवाले सोलरवाल्यांकडे बोट दाखवतात आणि सोलरवाले छतवाल्यांकडे. खालच्या दुकानदाराच्या मालावर पाणी मात्र टपकत राहतं.

पत्र्याचं छत असेल तर शिवणीवर घट्ट बसणारे क्लॅम्प वापरता येतात का ते विचारा. त्यात पत्र्याला एकही भोक पडत नाही. भोक पाडावंच लागलं तर स्क्रू खालच्या पर्लिनमध्ये (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीत) गेला पाहिजे, नुसत्या पत्र्यात नाही, आणि प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर हवा.

वजन, आणि त्याहून जास्त वारा

साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल अंदाजे २८ ते ३२ किलोचं. सांगाड्यासकट हा भार दर चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास येतो. छताला भोक न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून सांगाडा धरायचा, तर हाच भार दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. आकडा ऐकायला छोटा वाटतो. पण इमारत बांधली गेली तेव्हा छतात जी जादा ताकद ठेवली होती, ती नंतर चढवलेल्या एसी युनिटांनी, जाहिरातींच्या फलकांनी आणि वॉटरप्रूफिंगच्या थरावर थर देऊन खाल्लेली असते. म्हणून जुना नकाशा पुरत नाही. आज छतावर काय काय उभं आहे ते मोजून स्ट्रक्चरल इंजिनिअरने नव्याने हिशेब करावा आणि लेखी द्यावा.

वाऱ्याचं कोडं आणखी अवघड. वारा पॅनेल खाली दाबतो त्यापेक्षा वर उचलतो जास्त, आणि ही ओढ छताच्या कोपऱ्यांत आणि कडांना सर्वांत जोरदार असते. कठड्याला खेटून एक रांग जास्त बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर नको म्हणा. कडेची जागा तशीही आगीच्या वेळी फिरायला मोकळी लागते.

माल वर चढवतानाचा एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तीस-एकतीस पॅनेलांचा एक गठ्ठा ८५० ते १,००० किलोचा भरतो. क्रेनवाला तो सोयीच्या जागी, म्हणजे बहुधा स्लॅबच्या मध्यावर टेकवतो. खाली खांब आणि बीम कुठे आहेत ते छतावर रंगाने आखून ठेवा, गठ्ठे तिथेच उतरवू द्या आणि लगेच पसरवायला लावा. क्रेनचं काम मॉल बंद असतानाच करा, आणि खालचा रस्ता दोरी लावून अडवा.

सावली आणि चिकटा

सावली बघायची ती वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाची. उत्तर गोलार्धात डिसेंबरची २१-२२ तारीख, दक्षिण गोलार्धात जूनची. त्या सुमारास सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत कठडा, लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, कूलिंग टॉवर (पाण्याच्या मदतीने एसीची उष्णता बाहेर टाकणारी यंत्रं) आणि मोठे फलक यांची सावली कुठवर येते ते आखा. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, आणि प्रत्येकात साधारण तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे भाग) असतात. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. पॅनेलं वेगवेगळ्या दिशांना किंवा थोड्या सावलीत बसवावी लागणार असतील, तर त्यांच्या माळा वेगळ्या हव्यात.

मॉलच्या छतावर आणखी एक गोष्ट असते, जी घराच्या छतावर नसते: फूड कोर्टच्या धुराड्यातून येणारी तेलाची वाफ. ती काचेवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि नुसत्या पाण्याने हा चिकटा निघत नाही. कूलिंग टॉवरचे तुषारही असेच. पाणी उडून जातं आणि क्षारांचा पांढरा थर काचेवर राहतो. वाऱ्याची नेहमीची दिशा बघा आणि या दोन्हींकडून वारा ज्या बाजूला वाहतो तिथे पॅनेलं बसवू नका. तिथे केबल ट्रे किंवा जायची वाट काढली तरी चालेल.

किती किलोवॅट?

एक किलोवॅटची पॅनेलं स्वतः साधारण पाच चौरस मीटर जागा घेतात. ती तिरकी बसवली की रांगांची एकमेकींवर सावली पडू नये म्हणून मधे अंतर सोडावं लागतं, आणि हीच गरज आठ-दहा चौरस मीटरवर जाते. समजा छत ४,००० चौरस मीटरचं आहे. एसीची यंत्रं, वाटा, कडा आणि सावल्या वजा जाता २,२०० उरले. दर किलोवॅटला नऊ चौरस मीटर धरले तर २४० किलोवॅटच्या आसपास बसतील. स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात वर्षभराची सरासरी काढली तर एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे रोज हजाराच्या जवळपास युनिटं. ढगाळ प्रदेशात याहून बरंच कमी. एसी चालवणाऱ्या बहुमजली मॉलचा वापर याच्या कितीतरी पट असतो. मजले वाढले तरी छत तेवढंच राहतं ना! म्हणून छतावरच्या सोलरने वीजबिल शून्य होईल असं कोणी सांगितलं, तर त्याच्याकडून रोजच्या युनिटांचा हिशेब कागदावर मागा.

जागेचा विचार करता माझी पसंती पूर्व-पश्चिम मांडणीला. पॅनेलं दहाएक अंशांच्या कमी उतारावर, निम्मी पूर्वेकडे आणि निम्मी पश्चिमेकडे तोंड करून बसवायची. प्रत्येक पॅनेलमागे वीज थोडी कमी मिळते, पण त्याच छतावर पॅनेलं जास्त मावतात, वारा कमी लागतो, आणि वीज भर दुपारी एकदम न येता सकाळ-संध्याकाळकडे पसरते. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी हे विशेष जमतं.

या पसरण्याला मी इतकं महत्त्व देते, कारण मॉलचा वापरच तसा आहे. दुकानं उशिरा उघडतात, एसी दुपारी जोर धरतो, आणि गर्दी व दिवे संध्याकाळी. वीज कंपनीकडून वर्षभराची दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद मागून घ्या आणि आठवड्याच्या वारांप्रमाणे आलेख काढा. मासिक बिलांवरून हे कळत नाही. मागणीचं शिखर सूर्यास्तानंतर येत असेल, तर सोलरमुळे युनिटं वाचतील पण कमाल मागणीवरचा आकार (एका वेळी सर्वांत जास्त किती वीज खेचली यावर लागणारी रक्कम) जवळपास तसाच राहील. विक्रेत्याच्या कागदावर त्यातही मोठी बचत दाखवलेली असते, ती ओळ खोडून उरलेला हिशेब बघा. इमारतीत चिलर असेल तर दुपारच्या सोलरवर थंड पाण्याची टाकी भरून ठेवता येते आणि ते गारपण संध्याकाळी वापरता येतं. बॅटरीच्या आधी या पर्यायाचा विचार करा.

ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त, हा गैरसमजही दूर करायला हवा. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. रणरणत्या उन्हात ते ६५ अंशांपर्यंत तापतं, आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. ४० अंशांचा फरक म्हणजे १४ टक्क्यांची घट. म्हणून पॅनेलाखालून हवा खेळती हवी.

वीज कोणाची?

हे बांधकामाआधी मिटवा. सामाईक दिवे, लिफ्ट आणि एसी एका मीटरवर असतात आणि दुकानांचे मीटर वेगळे असतात. सोलर कोणत्या मीटरला जोडायचं, उरलेली वीज दुकानांना देता येते का, ग्रीडमध्ये (वीज कंपनीच्या जाळ्यात) सोडली तर मोबदला मिळतो का, हे तुमच्याकडच्या नियमांवर अवलंबून आहे. मोठ्या दुकानांच्या करारात छताच्या वापराचा हक्क दडलेला असू शकतो, तो वाचून घ्या. विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी कळवा.

आगीचा विचार

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण खाली माणसं असतात.

घरातली एसी वीज (इथे एसी म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह) सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. पॅनेलांकडून येणारी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज शून्यावर येतच नाही. एखादा जोड सैल असेल तर तिथे ठिणगी जळत राहते, आणि ऊन आहे तोवर तिला वीज मिळत राहते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्री साखळीने तिच्या सात दुकानांच्या छतांवरच्या सोलरला आग लागल्याच्या कारणावरून ते बसवणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला होता. त्याआधी २०१३ मध्ये न्यू जर्सीतल्या डेलांको इथे सात हजारांहून जास्त पॅनेलं असलेल्या एका गोदामाला आग लागली, तेव्हा त्या पॅनेलांमुळे अग्निशमन दलाच्या कामात अडथळा आला होता.

यातून करायची कामं सरळ आहेत. जोडाचे दोन्ही भाग एकाच कंपनीचे, एकाच जातीचे हवेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात, पण नीट बसत नाहीत, आणि कालांतराने तिथेच गरम होतं. जोड आवळायला योग्य हत्यार वापरलं जातंय का ते उभं राहून बघा. केबल छतावर लोळत ठेवू नका, ट्रेमध्ये न्या, आणि बांधायला उन्हात ठिसूळ न होणारे बंध घ्या. आणीबाणीत छतावरचा विजेचा दाब (व्होल्टेज) झटकन उतरवणारी सोय मागा. अमेरिकेच्या २०१७ च्या विद्युत संहितेने पॅनेलांच्या क्षेत्रातला दाब ३० सेकंदांत ८० व्होल्टपर्यंत खाली आणण्याचा पर्याय घालून दिला आहे, तो चांगला मापदंड आहे. पॅनेलांच्या गटांमध्ये निदान सव्वा मीटरच्या वाटा ठेवा. धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा आणि प्रकाशासाठीच्या काचा झाकू नका. त्या काचांवर जाळी किंवा कठडा काम सुरू होण्याआधीच बसवा, कारण त्यांतून माणूस थेट खाली पडतो.

इन्व्हर्टर (पॅनेलांची डीसी वीज एसी करणारं यंत्र) सावलीत, हवेशीर जागी हवा, पण सुटकेच्या जिन्यात कधीच नको. आणि दुकानदारांना आधीच सांगून ठेवा की ग्रीडची वीज गेली की साधं सोलर सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतं. जनरेटरबरोबर चालवायचं असेल तर वेगळा नियंत्रक लागतो, नाहीतर सोलरमुळे जनरेटरवरचा भार फार कमी होतो किंवा वीज उलटी त्याच्यात शिरते.

ताब्यात घेताना आणि नंतर

प्रत्यक्षात जसं बसवलं तसा माळांचा नकाशा, प्रत्येक पॅनेलचा क्रमांक, इन्सुलेशन आणि अर्थिंगच्या चाचण्या, आणि चांगल्या उन्हात थर्मल कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रं, एवढं हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. चाचण्यांसाठी आयईसी ६२४४६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक करारातच लिहा. नकाशाची एक प्रत अग्निशमन नियंत्रणाच्या खोलीत लावा.

धुलाई पहाटे करा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि पॅनेलवर पाय ठेवून चालणाऱ्याला लगेच खाली उतरवा, कारण आतल्या वीज बनवणाऱ्या सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पावसाळ्याआधी पॅनेलांखालचे पाण्याचे निचरे हाताने साफ करून घ्या. पक्षी घरटी तिथेच करतात.

आणि करारात एक कलम नक्की घाला: छताच्या दुरुस्तीसाठी पॅनेलं हलवावी लागली तर ती कोण उतरवणार, किती दिवसांत परत बसवणार, तेवढ्या काळातल्या विजेचं नुकसान कोणाच्या खात्यावर, आणि आयुष्य संपल्यावर त्यांची विल्हेवाट कोण लावणार. पॅनेलं ही तुमच्या छतावरची पंचवीस वर्षांची भाडेकरू आहेत. जागा सोडण्याच्या अटी ती यायच्या आधीच लिहून घ्या.