गाईचा ताप उतरवण्याआधी खांद्यापुढची गाठ चाचपा

आमची पहिलारू चंद्री, संकरित होलस्टीन, पावसाच्या तोंडावर दोन दिवसांत चौदा लिटरवरून पाचवर आली. एकाने तापाचं इंजेक्शन दिलं, ताप उतरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. रक्त तपासलं तेव्हा थायलेरिया, म्हणजे गोचिडीतून येणारा तापाचा जंतू, निघाला. गाय वाचली, पण त्या वेतात तिचं दूध परत आलं नाही. ते चार दिवस मला अजून सलतात, म्हणून हे लिहिते.

गाय खाणं सोडते तेव्हा सर्वांत आधी थर्मामीटर. शेपटी उचलून गुदद्वारात घाला आणि आतल्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं धरा; शेणात खुपसला तर आकडा चुकतो. निरोगी गाईचा ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या वर गेला की हात खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी न्या. तिथली गाठ सुजून टणक लागली तर गोचीड तापाचा संशय धरा. एरवी ती कशी लागते हे निरोगी गाईवर आधीच चाचपून ठेवा, नाहीतर फरक कळणार नाही.

गाठ सुजते कारण गोचिडीच्या लाळेतून आलेला थायलेरियाचा जंतू आधी गाठीतल्या पांढऱ्या पेशींत वाढतो, मग तांबड्या पेशींत शिरतो. रक्त कमी झालं की गाय धापा टाकते, गाभण असेल तर गाभडूही शकते. बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हेही गोचिडीतून येणारे ताप. बबेसियात तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, म्हणून लघवी कॉफीसारखी होते. ॲनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही. डोळे पांढरे-पिवळे पडतात, शेण घट्ट होतं. आणि विलेल्या म्हशीची लाल लघवी पाहून लगेच गोचीड समजू नका, फॉस्फरसच्या कमतरतेनेही ती होते.

औषध प्रत्येकाचं वेगळं: थायलेरियाला बुपार्वाक्वोन, बबेसियाला डिमिनाझिन, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. म्हणून डॉक्टर आले की पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी कानाच्या शिरेतल्या रक्ताच्या थेंबाची तपासणीसाठी काच करून घ्यायला सांगा. मात्रा वजनावर ठरते, ती त्यांच्यावर सोडा. गाईला सावलीत बांधा, चालवू नका, नळीने बळजबरी पाजू नका. औषध चालू असताना दूध डेअरीला घालू नका. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

खरा शत्रू मात्र भिंतीत असतो. आम्ही वर्षानुवर्षं गाईवर फवारत राहिलो आणि फटींकडे पाहिलंच नाही. एका रात्री बॅटरी घेऊन गेले तर गव्हाणीच्या भेगा गोचिडींनी भरलेल्या. त्या सिमेंटने बुजवल्या, जनावरं बाहेर काढून गोठा फवारला. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी केली. गोचीड बोटांनी चिरडू नका: क्रिमियन-काँगो ताप माणसाला गोचिडीपासून होतो, 2011 साली गुजरातेत माणसं त्याने दगावली आहेत. चिमट्याने धरून रॉकेलच्या डब्यात टाका.

विकत आणलेली गाय आधी वेगळी बांधा. बरी झालेली गायही जंतू बाळगून असते. संकरित कालवडींना थायलेरियाची लस मिळते, पण ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून दवाखान्यात आधी मागणी नोंदवा. आमच्या दोन्ही कालवडींना टोचून घेतली आहे. तरी पावसाळ्यात रोज संध्याकाळी मी त्यांचे कान आणि कास चाचपतेच.