जपानी परफॉर्मन्स कार घ्यायची असेल तर: आधी चेसिस नंबर, मग टर्बो

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या आपल्या बेळगाव पट्ट्यात जपानी वेगवान गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत आणि त्यांना सल्ला देणारे त्याहून अधिक आहेत. हा सल्ला बहुधा हॉर्सपॉवर, टर्बो आणि सायलेन्सरचा आवाज यांच्यापुढे जात नाही. गाडी या देशात कोणत्या मार्गाने आली, असे विचारले की सल्लागार विषय बदलतात. या लेखात त्याच प्रश्नाला सर्वाधिक जागा दिली आहे. बजेट ठरवणे, ओळखीचा मिस्त्री सोबत नेणे, गाडी दिवसाउजेडी पाहणे या गोष्टी वाचकाला माहीत आहेत असे गृहीत धरतो.

गाडीचा प्रकार ओळखा

आपल्याकडे विक्रीला येणाऱ्या अशा गाड्या तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार कंपनीने स्वतः भारतात आणून विकलेल्या गाड्यांचा. निस्सानची जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये १.९९ कोटी रुपये शोरूम किमतीला आली, तर निस्सान ३७०झेड आणि मित्सुबिशीची इव्हो टेन या त्याआधी, २०१० च्या सुमारास, थोड्या संख्येने आल्या. दुसरा प्रकार खासगी आयातीचा: टोयोटाची सुप्रा, निस्सानची स्कायलाइन, मित्सुबिशीच्या जुन्या इव्हो, माझदाची आरएक्स-७ वगैरे. तिसरा प्रकार म्हणजे नाव जपानी आणि हाड देशी. इव्हो ही मुळात मित्सुबिशी लान्सरचीच वेगवान आवृत्ती. हिंदुस्तान मोटर्सने तिरुवल्लूरला बनवलेल्या लान्सर किंवा सेडियात जपानहून सुट्या भागांच्या नावाखाली आलेला 'हाफ-कट' (इंजिनासकट कापलेली अर्धी गाडी) बसवायचा, बंपर आणि मागचा पंख लावायचा आणि 'इव्हो' म्हणून फोटो टाकायचे, असा हा धंदा आहे.

तिसऱ्या प्रकारातली गाडी चालवायला मजेदार असू शकते; पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेपासून दूर गेलेल्या बदलांना मान्यता नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. अशा गाडीला इव्होची किंमत देणे हा निव्वळ वेडेपणा आहे. तिची किंमत जुन्या सेडियाची, अधिक सुट्या भागांची, वजा भविष्यातल्या कटकटींची.

कागदपत्रे आणि चेसिस नंबर

सर्वांत अवघड टप्पा हाच आहे आणि बहुतेक व्यवहार इथेच फसतात. आर.सी. बुक हातात आले, 'वाहन' पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव जुळले, की लोकांना वाटते काम झाले. वास्तविक आर.टी.ओ.ची नोंद एवढेच सांगते की कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कार्यालयात काही कागद दाखवले होते. त्या गाडीवर सीमाशुल्क भरले गेले होते की नाही, याचा तो पुरावा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची जी कारवाई केली, तिच्यात भूतानमार्गे आणून बनावट कागदांवर नोंदवल्याच्या संशयावरून गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या, आणि त्या गाड्यांना भारतीय नंबर प्लेट होतीच. सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार जप्तीची कारवाई मालावर होते. तुम्ही चौथे खरेदीदार आहात आणि पैसे बँकेतून दिले आहेत, हे सांगून गाडी सुटत नाही.

म्हणून पहिला मागायचा कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे दाखल केलेले विवरणपत्र), आणि सोबत सीमाशुल्क भरल्याचे चलन. 'ते मुंबईच्या एजंटकडे आहे', 'पहिल्या मालकाकडे राहिले', 'टेबलावर बसू, मग दाखवतो' ही तिन्ही उत्तरे मी नकार म्हणूनच धरतो. बिल ऑफ एंट्री मिळाले की तीन गोष्टी वाचाव्यात: आयातदाराचे नाव, तारीख आणि चेसिस नंबर. आयातदाराचे नाव आणि आर.सी.वरील पहिल्या मालकाचे नाव यांत धागा जुळला पाहिजे. आयातदार परदेशातून कायमचा परतलेला असेल तर अशांना मिळणाऱ्या आयात सवलतीत आलेली गाडी पहिली दोन वर्षे विकता येत नाही, हे लक्षात घेऊन विक्रीची पहिली तारीख तपासावी. गाडी 'कार्नेट'वर आली होती असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर चहा पिऊन निघावे. कार्नेट म्हणजे तात्पुरता प्रवेश असतो, मुदतीत ती गाडी देशाबाहेर जायची असते.

यानंतर एक साधी वजाबाकी करावी, जी आश्चर्यकारकरीत्या कोणीच करत नाही. आपल्या आयात धोरणात वापरलेल्या गाडीसाठी अट अशी आहे की ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. आता 'आर३४' पिढीची स्कायलाइन जीटी-आर घ्या. तिचे उत्पादन १९९९ ते २००२ एवढ्याच काळात झाले, म्हणजे वापरलेली गाडी म्हणून ती रीतसर यायची शेवटची संधी २००५ च्या आसपास संपली. 'ए८०' पिढीची सुप्रा आणि शेवटची आरएक्स-७ यांचे उत्पादनही २००२ मध्येच थांबले. अशा गाडीचे बिल ऑफ एंट्री २०१२ चे निघाले, तर एकतर कागद दुसऱ्या गाडीचा आहे किंवा वर्ष बदललेले आहे. विक्रेता 'खास परवानगी होती' म्हणाला तर ती परवानगी कागदावर दाखवावी. तोंडी परवानगीला किंमत शून्य.

आता प्रत्यक्ष चेसिस नंबर. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाडीला आपल्याला सवयीचा सतरा अक्षरांचा नंबर नसतो. मॉडेलचा कोड, मधे आडवी रेघ आणि पुढे क्रमांक अशी त्याची रचना असते. आर३४ जीटी-आरचा कोड बीएनआर३४, ए८० सुप्राचा जेझेडए८०, इव्हो सात ते नऊचा सीटी९ए, आरएक्स-७चा एफडी३एस, पहिल्या सिव्हिक टाइप-आरचा ईके९. सतरा अक्षरांचा नंबर असेल तर पहिले अक्षर पाहावे: 'जे' असेल तर गाडी जपानात बनली, 'एम' आणि त्यानंतर 'ए' ते 'ई' यांपैकी अक्षर असेल तर ती भारतात बनली. सीटी९ए म्हणून विकल्या जाणाऱ्या इव्होचा नंबर 'एम-ए'ने सुरू झाला, तर पुढे काही पाहायची गरज उरत नाही. एका ठिकाणी मात्र ही कसोटी पुरत नाही: शेव्हर्ले फॉरेस्टर ही मुळात जपानात बनलेली सुबारूच होती, त्यामुळे तिच्यावर चढवलेली 'डब्ल्यूआरएक्स' या सुबारूच्या वेगवान गाडीची सोंगे पहिल्या अक्षरावरून उघडी पडत नाहीत; तिथे आर.सी.वरील मॉडेलचे नाव वाचावे.

बहुतेक जुन्या जपानी गाड्यांवर हा नंबर बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने ती जागा पुसावी, बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका टाकावा आणि आर.टी.ओ.च्या फॉर्मसाठी काढतात तशी पेन्सिल प्रिंट आपल्या हाताने काढावी. पातळ कागद, मऊ शिसाची पेन्सिल, सावकाश हात. कारखान्यात ठोकलेली अक्षरे एका रेषेत, एकाच खोलीची आणि सारख्या अंतराची उमटतात. एखादा '३' वर चढलेला, एखादा '८' बाकीच्यांपेक्षा खोल, किंवा नंबराभोवती कागदावर चौकोनी कडा उमटली, तर पत्रा कापून दुसरा जोडला असण्याची शक्यता आहे. मग डॅशबोर्डच्या बाजूने, गालिचा उचलून, त्याच भिंतीची पाठ पाहावी. वेल्डिंग घासून रंगवलेले असले तरी सीलंटची कारखान्यातली रेघ पुन्हा तशीच ओढता येत नाही. ही प्रिंट, आर.सी. आणि बिल ऑफ एंट्री हे तीन कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने खूण करावी. गाडी कर्नाटकातली असेल तर आर.टी.ओ.तून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदवहीचा उतारा, काढून घ्यावा. स्मार्ट कार्डावर न मावणारा आधीच्या मालकांचा आणि कर्जाचा इतिहास त्यात दिसतो.

विक्रेत्याला हे सारे अपमानास्पद वाटते असा अनुभव आहे. वाटू द्यावे. ज्याचे कागद खरे असतात तो स्वतःच फाइल पुढे करतो आणि बॉनेट उघडून बाजूला उभा राहतो.

यांत्रिक तपासणी

इंजिन थंड असताना सुरू करावे, सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. गोव्यात समुद्राकाठी राहिलेल्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शनच्या जोडण्या गंजासाठी खास तपासाव्यात. जपानी लिलावाची शीट, म्हणजे तिथल्या जुन्या गाड्यांच्या लिलावातला तपासणी अहवाल, दाखवली गेली तर तिच्यावरचा चेसिस नंबर जुळला तरच ती वाचावी. 'आर' किंवा 'आरए' श्रेणी म्हणजे अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी, आकृतीवरील 'डब्ल्यू' म्हणजे ठोकून सरळ केलेला पत्रा आणि 'एक्स-एक्स' म्हणजे बदललेला पत्रा.

जुन्या इव्होच्या ४जी६३ इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, त्यामुळे बोअरिंगसाठी उद्यमबागेतला चांगला मशीन शॉप पुरतो. आरएक्स-७ मात्र बेळगावात राहून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या, इंजिनाचे कॉम्प्रेशन साध्या गेजने नीट मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते विकत घेऊ नये. पेट्रोलबद्दलही विचारावे. जपानचे हाय-ऑक्टेन पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचे असते, आणि त्यावर जुळवलेल्या टर्बो इंजिनाला वर्षानुवर्षे साधे पेट्रोल पाजलेले असेल तर पिस्टनने ते सोसलेले असते.

किंमत ठरवणे

विक्रेता नेहमी सीमाशुल्कापासून सुरुवात करतो. '४०,००० डॉलरहून महाग नव्या गाडीवर १०० टक्के ड्युटी होती, वर जीएसटी आणि सेस, म्हणजे मला एवढ्याला पडली.' २०२५ पूर्वी दर तसे होते हे खरे. पण त्याने सरकारला भरलेला कर तुम्ही त्याला परत देणे लागत नाही. जपानमधल्या लिलावाची किंमत रुपयांत बदलून मांडणेही तितकेच निरर्थक, कारण ती गाडी आता त्या किमतीला कायदेशीररीत्या इथे आणताच येत नाही. त्याच मॉडेलची, पूर्ण कागदांची गाडी भारतात अलीकडे प्रत्यक्ष कितीला विकली गेली, हाच आधार धरावा आणि जाहिरातीतली मागणी व झालेला व्यवहार यांत फरक करावा. कंपनीने इथे विकलेल्या नव्या पिढीच्या जीटी-आरचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये संपल्यापासून मागण्या फुगल्या आहेत. फुगलेली मागणी म्हणजे भाव नव्हे.

या आधारातून गिअरबॉक्स, टायर, ब्रेक यांचा तातडीचा खर्च वजा करावा. मग आपल्या भागातली खरी गोम येते. कोल्हापूरच्या एमएच-०९ किंवा पुण्या-मुंबईच्या पासिंगची गाडी बेळगावात केए-२२ करायची, तर कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर, वयानुसार सूट देऊन आकारला जातो. तुम्ही घासाघीस करून किती कमी केले याच्याशी त्याचा संबंध नसतो. २० लाखांवरच्या गाडीला मूळ दरच १८ टक्के, वर उपकर. म्हणून दोन कोटींची गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी कराचा हिशेब दोन कोटींपासून सुरू होतो. ही रक्कम आर.टी.ओ.तून आधी काढून घ्यावी आणि मगच बोली लावावी.

'एमएच प्लेटवरच फिरवा, हद्दीवरच्या शिनोळीपलीकडे सगळ्यांच्याच तशा आहेत' हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवी नोंदणी बंधनकारक आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरात परिवहन खात्याने परराज्यांतल्या महागड्या गाड्या अडवून कर वसूल केला. स्विफ्ट गर्दीत खपून जाते. जीटी-आर कॉलेज रोडवर एकदा फिरली की साऱ्या गावाला नंबर पाठ होतो.

दोन गाड्यांची तुलना

कागदावरची ताकद तुलनेसाठी वापरू नये. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० पी.एस.हून (हॉर्सपॉवरसारखेच ताकदीचे माप) अधिक ताकद जाहीर केली नाही, त्यामुळे सुप्रा, स्कायलाइन आणि शेवटची आरएक्स-७ या साऱ्यांच्या पुस्तकात तोच आकडा आहे. तुलना रस्त्यावर करावी. वंटमुरीच्या चौपदरी घाटात जीटी-आर सुखावते. पण १,८९५ मिलिमीटर रुंदीची तीच गाडी पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आल्यावर नकोशी होते, तिथे चारही चाके ओढणारी अरुंद इव्हो सरस ठरते. गतिरोधकांची उंची आणि सुट्या भागांची उपलब्धता या दोन निकषांवर कंपनीने इथे विकलेली गाडी सहसा जिंकते. दोन्ही गाड्या सारख्याच आवडल्या, तर ज्या गाडीची फाइल जाड आहे ती घ्यावी.

व्यवहार आणि नोंदणी

इसार लहान द्यावा, आणि सीमाशुल्काच्या कागदांत विसंगती आढळल्यास तो परत मिळेल अशी अट लेखी घ्यावी. मूळ आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र फॉर्म २८ वर, हस्तांतर फॉर्म २९ व ३० वर आणि कर्नाटकातला नवा नंबर फॉर्म २७ वर होतो. गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो. उरलेली रक्कम ना-हरकत पत्र हाती आल्यावरच द्यावी. विमा मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, आणि आयात गाडीला संपूर्ण विमा देण्यास कंपनी तयार आहे का, कोणत्या किमतीवर तयार आहे, हे इसार देण्याआधीच लेखी विचारावे.