जर्मनीत विजेची सायकल, स्कूटर किंवा स्केटबोर्ड घेण्यापूर्वी

भारतात ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची विजेवरची दुचाकी परवान्याविना आणि नोंदणीविना चालवता येते. त्यामुळे जर्मनीत नव्याने आलेली आपली मंडळी हळू चालणाऱ्या वाहनाला कागदपत्रे लागत नाहीत, असे गृहीत धरूनच दुकानात शिरतात. येथे मात्र वेगापेक्षा वाहन कायद्याच्या कोणत्या वर्गात बसते, हे आधी पाहिले जाते.

उभे राहून चालवायची ई-स्कूटर कायद्याने मोटारवाहन आहे. १५ जून २०१९ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तिचा वेग ताशी २० किलोमीटरपर्यंतच असावा लागतो, तिला हँडल, ब्रेक, दिवे आणि घंटी असावी लागते आणि त्या मॉडेलला रस्त्यावर चालवण्याची सरकारी मान्यता असावी लागते. शिवाय मागे विम्याचा स्टिकर लावणे सक्तीचे आहे. हे विमावर्ष १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपते आणि दरवर्षी स्टिकरचा रंग काळा, निळा, हिरवा असा बदलतो, त्यामुळे जुना स्टिकर पोलिसांना लांबूनही ओळखू येतो. विम्याविना स्कूटर चालवणे हा केवळ दंडावर भागणारा नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे आणि व्हिसाच्या मुदतवाढीसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाने तो ओढवून घेऊ नये, असे मला वाटते. परदेशातून स्वस्तात मागवलेली स्कूटर बहुधा येथेच अडकते, कारण मान्यता नसेल तर विमाही मिळत नाही. भाड्याच्या स्कूटरचा विमा कंपनीनेच उतरवलेला असतो.

वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती चालवता येते. परवाना लागत नाही आणि हेल्मेटची सक्ती नाही. तिच्यावर एकानेच उभे राहायचे असते. सायकलमार्ग असेल तर त्यावरूनच जावे लागते, नसेल तर रस्त्यावरून. पदपथ वर्ज्य आहे. मद्यपानाचे नियम मोटारीचेच लागू होतात. रक्तात ०.५ प्रति हजार इतके मद्य आढळले, तर पहिल्या वेळी सहसा ५०० युरो दंड, दोन दोषगुण (वाहतूक नियम मोडल्याबद्दल चालकाच्या नावावर नोंदवले जाणारे गुण) आणि एक महिना वाहनबंदी होते, आणि त्या महिन्यात मोटारही चालवता येत नाही. २१ वर्षांखालील चालकांना तर एक घोटही चालत नाही. ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत म्युनिकमध्ये पोलीस यावर डोळा ठेवून असतात, तेव्हा परतताना मेट्रोच बरी.

नवख्या माणसाला मी पेडेलेक घ्यायला सांगतो. पायडल मारले तरच साथ देणारी, २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबवणारी ही सायकल कायद्याच्या दृष्टीने साधी सायकलच आहे. तिला परवाना, विमा, स्टिकर यांपैकी काहीच लागत नाही. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणारी वेगवान पेडेलेक मात्र दिसायला तशीच असली, तरी तिला परवाना, विम्याची पाटी आणि हेल्मेट लागते आणि सायकलमार्गावर तिला सहसा प्रवेश नसतो. आपला भारतीय परवाना येथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, हे अनेकांच्या ध्यानात नसते. त्यानंतर अशी सायकल चालवणे म्हणजे विनापरवाना वाहन चालवणे होय.

विजेचा स्केटबोर्ड, हॉवरबोर्ड आणि एकचाकी यांना हँडल नसल्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर, सायकलमार्गावर आणि पदपथावरही मुळीच परवानगी नाही. दुकानात ते राजरोस विकले जातात, पण चालवायचे ते बंदिस्त खाजगी जागेत.

वाहन कोणतेही असो, येथे उजव्या बाजूने चालायचे असते आणि ज्या चौकात सिग्नल वा पाटी नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. डाव्या बाजूच्या वाहतुकीत वाढलेल्या आपल्या नजरेला ही सवय लागायला वेळ जातो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गल्लीच्या प्रत्येक तोंडाशी वेग कमी करावा. लाल दिवा ओलांडला तर सायकलस्वारालाही ६० युरो दंड आणि एक दोषगुण मिळतो.

बॅटरीला आग लागण्याच्या भीतीने म्युनिक आणि बर्लिनसह काही शहरांतील वाहतूक संस्थांनी बस व मेट्रोत ई-स्कूटर नेण्यास बंदी घातली आहे. त्यामुळे अर्धा प्रवास स्कूटरने आणि अर्धा मेट्रोने करण्याचा बेत असेल, तर खरेदीपूर्वी आपल्या शहराचा नियम पाहावा. जर्मनीत आल्याआल्या आपण जो खाजगी दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) काढतो, त्यात पेडेलेकने झालेल्या नुकसानीची भरपाई साधारणतः धरलेली असते, ई-स्कूटरने झालेल्या नुकसानीची नसते. तरीही विमा कंपनीकडून हे लेखी मागून घ्यावे.