गाणी बदलू नका, प्लेअर बदला : कसलीही फाइल वाजवणारा फूबार२००० कसा वापरावा

मागच्या एप्रिलमध्ये दुपारी घराबाहेर पडायची सोय नव्हती (सोलापूरचं ऊन, सोलापूरकरांना सांगायला नको), म्हणून जुनी हार्ड डिस्क काढून बसलो. अण्णांनी सीडीवरून उतरवून घेतलेली भजनं डब्ल्यूएमएमध्ये. भावाच्या आयफोनमधलं रेकॉर्डिंग एम४एमध्ये. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले अभंग ओपसमध्ये. मित्राने दिलेलं शास्त्रीय संगीत थोडं फ्लॅकमध्ये, थोडं एपीईमध्ये. जुन्या नोकियावर घेतलेल्या एएमआर फाइली. बाकी ढीगभर एमपी३. संगणकातला नेहमीचा प्लेअर यातलं बरंचसं वाजवायचा, काही फाइलींपुढे मात्र ढिम्म बसायचा.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘सगळं एमपी३ करून टाक की बे!’ तो मी एकदा ऐकलाय. काय झालं ते पुढे येईलच. सध्या एवढंच, की फाइली आहेत तशा राहू द्या आणि सगळं वाजवणारा प्लेअर घ्या.

मी फूबार२००० वापरतो. पीटर पावलोव्स्की हा त्याचा कर्ता. आधी तो विनअ‍ॅम्प या जुन्या प्लेअरसाठी काम करायचा. डिसेंबर २००२ मध्ये याची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. फुकट आहे, जाहिराती नाहीत, जुन्या संगणकावरही पळतो. दिसायला मात्र बँकेचं पासबुक. व्हीएलसी जवळजवळ सगळं वाजवतो, पण हजारभर गाणी नीट लावून ठेवायची म्हटलं की तो कामाचा नाही. तरी तो काढून टाकू नका, लागणार आहे. लिनक्सवाल्यांनी डेडबीफ किंवा ऑडेशस बघावा. खालच्या पायऱ्या विंडोजसाठी आहेत. मेनूतली नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील, इथे मी देवनागरीत लिहितोय.

आधी घरात काय आहे ते बघा

विंडोज फाइलचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा (विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’च्या आत ‘शो’ आहे, तिथे). आता प्रत्येक गाण्याची जात कळेल.

या सगळ्या जातींचे मुळात तीनच गट. वेव्ह ही कच्ची फाइल. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी खाते. फ्लॅक, एपीई ही तीच फाइल घडी घातलेली. चादर घडी करून ट्रंकेत ठेवली तर जागा कमी लागते, उलगडली की धागा न धागा जागेवर असतो, तसं. बहुतेक वेळा आकार निम्म्याच्या आसपास येतो. तिसरा गट एमपी३, एम४ए, ओपस आणि आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक डब्ल्यूएमए फाइलींचा. यांत चादर हलकी करायला धागेच उपसलेले असतात. कानाला सहसा पत्ता लागत नाही अशा बेताने उपसतात, पण गेलेला धागा परत येत नाही. आणि डब्ल्यूएमएची एमपी३ केली की आधीच विरळ झालेल्या चादरीतून आणखी धागे जातात.

आता माझा पराक्रम. सोलापूरच्या पूर्वभागात आजीच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. कुणीतरी आजीच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या, मागे मागाची खडखड चालूच. ती कॅसेट मी संगणकावर वेव्हमध्ये उतरवली होती. पुढे डिस्क भरत आली म्हणून सगळ्या वेव्हच्या ६४ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपी३ केल्या आणि मूळ फाइली पुसून टाकल्या. आजीचा आवाज बरा होता. माग मात्र बुडाला. ‘खट’ ऐवजी प्रत्येक ठोक्याआधी ‘फस्स’ असा फवारा ऐकू यायला लागला. कमी बिटरेटच्या एमपी३ला असले तुटक, टणक ठोकेच सगळ्यांत जड जातात. ठोक्याचा गाळ ठोक्याच्या आधीच सांडतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आईने मात्र ऐकताक्षणी विचारलं, “पाऊस पडतोय का रे मागं?” नशीब एवढंच, की मामांनी मूळ कॅसेट टाकून दिली नव्हती.

उतरवून घेणं आणि पहिली ओळख

प्लेअर त्याच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर वर येणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’च्या साइटींवरून नको, त्या सोबत काय काय चिकटवतील सांगता येत नाही. ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन आवृत्त्या दिसतील. संगणक अगदी जुना नसेल तर ६४.

इन्स्टॉल करताना ‘स्टँडर्ड’ की ‘पोर्टेबल’ असं विचारलं जातं. गाणी बाहेरच्या डिस्कवर असतील तर पोर्टेबल निवडा आणि त्याच डिस्कवर एक फोल्डर दाखवा. सगळ्या सेटिंग्ज त्या फोल्डरमध्येच राहतात, संगणक बदलला तरी हरवत नाहीत.

पहिल्यांदा उघडल्यावर मांडणी विचारणारी खिडकी येते. ज्या मांडणीत ‘अल्बम लिस्ट’ आणि ‘टॅब्स’ दोन्ही आहेत ती घ्या. पुढे बदलायची झाली तर ‘व्ह्यू’, ‘लेआउट’, ‘क्विक सेटअप’. रंगांत फार वेळ घालवू नका. मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि परत पांढऱ्यावर आलो.

मग कंट्रोल आणि पी दाबा, प्रेफरन्सेस उघडतील. डावीकडे ‘मीडिया लायब्ररी’, तिथे ‘अ‍ॅड’ म्हणून गाण्यांचं मुख्य फोल्डर दाखवा. प्लेअर फाइली हलवत नाही, त्यांची नक्कल करत नाही, फक्त नोंद ठेवतो. नंतर त्या फोल्डरमध्ये नवं काही टाकलं की आपोआप यादीत येतं.

यादी बघून घाबरू नका. निम्मी गाणी ‘अननोन’मध्ये आणि उरलेली ‘ट्रॅक ०१’ या एकाच नावाने दिसतील. अल्बम लिस्टवर ‘बाय फोल्डर स्ट्रक्चर’ निवडा म्हणजे निदान तुमच्या फोल्डरांच्या नावांनी गाणी दिसतील. टॅग (फाइलीतच लिहून ठेवलेली गाण्याची, कलाकाराची नावं) सुधारेपर्यंत हीच सोय.

फाइल वाजत नसेल तर

एमपी३, एम४ए, फ्लॅक, वेव्ह, ओजीजी, ओपस, डब्ल्यूएमए हे सगळं तसंच वाजतं. एखादी फाइल नाकारली गेली तर साइटवरच्या ‘कॉम्पोनंट्स’ पानावर त्या प्रकाराचा जोडभाग शोधा. उतरवून घ्या, प्रेफरन्सेसमध्ये ‘कॉम्पोनंट्स’, मग ‘इन्स्टॉल’, ‘अप्लाय’. प्लेअर बंद होऊन पुन्हा उघडतो. जोडभाग तुमच्या आवृत्तीचाच हवा. फक्त ३२ बिटचा जोडभाग ६४ बिटच्या प्लेअरमध्ये बसत नाही, आणि नवखे लोक इथेच अडकतात. नोकियाच्या एएमआर फाइलींसाठी मी जोडभाग शोधायच्या फंदात पडलो नाही. त्या पाच-सहाच आहेत, व्हीएलसीत ऐकतो.

एक गंमत. फोल्डरमध्ये तासभराची एकच मोठी फाइल आणि शेजारी ‘क्यू’ शेपटीची चिमुकली फाइल असेल तर ती पुसू नका. त्या चिमुकलीत कुठलं गाणं कितव्या मिनिटाला सुरू होतं ते लिहिलेलं असतं, तेही मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग इतकं बारीक. मोठीऐवजी क्यू फाइल उघडली की गाणी सुटी दिसतात.

टॅग : खरी मेहनत इथे

आमच्याकडे मराठी अभंग, कन्नड वचनं, शेजाऱ्यांनी दिलेली तेलुगू गाणी आणि उर्दू कव्वाल्या एकाच डिस्कवर आहेत. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही, पण टॅगांचा मात्र त्याने पार चिवडा होतो. फूबारला युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच सामाईक पद्धत) समजतं, त्यामुळे चारही लिप्या नीट दिसतात. दिसत नाहीत त्या जुन्या मराठी फॉन्टात लिहिलेल्या नोंदी. तिथे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. प्लेअर बिघडलेला नसतो. ती अक्षरं मुळातच इंग्रजी, वर मराठी फॉन्टाचा मुखवटा होता. हाताने पुन्हा लिहा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडून घ्या, विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते.

गाणं निवडा, ऑल्ट आणि एंटर दाबा. ‘प्रॉपर्टीज’ उघडते. शीर्षक, कलाकार, अल्बम, प्रकार भरा आणि ‘ओके’. एका अल्बमची सगळी गाणी एकदम निवडून ऑल्ट-एंटर केलंत तर कलाकाराचं नाव एकदाच लिहावं लागतं. अशा वेळी शीर्षकाच्या रकान्याला हात लावू नका, नाहीतर बाराही गाण्यांना एकच नाव बसेल. माझ्या डिस्कवर काही दिवस बारा वेळा ‘विठ्ठल’ होता.

फाइलींची नावं व्यवस्थित असतील, म्हणजे ‘कलाकार - गाणं’ अशी, तर याच खिडकीतल्या ‘टूल्स’मध्ये ‘ऑटोमॅटिकली फिल व्हॅल्यूज’ आहे. नावाचा साचा सांगितला की टॅग आपोआप भरले जातात. आधी पाच गाण्यांवर करून बघा.

‘जॉनर’च्या रकान्यात मी भाषा आणि प्रसंग लिहितो: ‘कन्नड वचन’, ‘मराठी कीर्तन’, ‘गड्डा यात्रा’ (सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा). इंग्रजी प्रकारांच्या यादीत आपलं काहीच बसत नाही, मग आपलीच यादी करावी.

आवाज एका पातळीवर आणणं

जानेवारीत गड्ड्याच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक मी फोनवर रेकॉर्ड केली. हलगी, संबळ, त्यात ‘हर्र बोला हर्र’चा गजर. यादीत त्याच्या आधी एक हळू आवाजातलं कीर्तन. कीर्तनासाठी आवाज वाढवायचा आणि पुढच्याच क्षणी मिरवणूक घरात घुसायची. पहिल्यांदा अण्णा खुर्चीतून उठलेच.

त्यावर उपाय आहे, रिप्लेगेन. गाणी निवडा, उजवं क्लिक, ‘रिप्लेगेन’, ‘स्कॅन पर-फाइल ट्रॅक गेन’. प्लेअर प्रत्येक गाणं किती मोठ्याने वाजतं ते मोजतो आणि ८९ डेसिबलच्या ठरलेल्या पातळीपर्यंत यायला किती वाढवायचं किंवा कमी करायचं तो आकडा दाखवतो. ‘अपडेट फाइल टॅग्ज’ दाबलं की आकडा टॅगमध्ये जातो. मूळ आवाजाला धक्का लागत नाही. वाजवताना फक्त तेवढं बटण फिरवलं जातं.

मग प्रेफरन्सेसमध्ये ‘प्लेबॅक’खाली ‘सोर्स मोड’ला ‘ट्रॅक’ आणि ‘प्रोसेसिंग’ला ‘अप्लाय गेन अँड प्रिव्हेंट क्लिपिंग’ ठेवा. एका बैठकीतला राग पूर्ण ऐकणाऱ्यांनी स्कॅन करताना ‘अल्बम’चा पर्याय घ्यावा आणि सोर्स मोडलाही ‘अल्बम’ ठेवावं, नाहीतर हळुवार आलाप आणि द्रुत एकाच उंचीवर येऊन बसतील. अजून स्कॅन न केलेली गाणी मध्येच ओरडतात. त्यांच्यासाठी तिथेच ‘विदाउट आरजी इन्फो’ची पट्टी आहे, ती थोडी खाली ओढा.

रोजचं वाजवणं

‘प्लेबॅक’मध्ये ‘ऑर्डर’, तिथे क्रमाने, पुन्हा पुन्हा की मिसळून ते ठरवा. एखादं गाणं मध्येच लावायचं असेल तर उजवं क्लिक करून ‘अ‍ॅड टू प्लेबॅक क्यू’. ते संपलं की यादी पुढे चालू. झोपताना एकच अभंग ऐकायचा तर ‘स्टॉप आफ्टर करंट’. पण ती खूण सकाळी काढायची आठवण ठेवा. प्लेअर बंद पडला म्हणून मला शेजारून एकदा फोन आला होता, तो याचमुळे. ब्लूटूथ स्पीकरमधून आवाज येत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘आउटपुट’ला दुसरंच काही निवडलेलं असतं.

एमपी३ करावीच लागली तर

गाडीतला जुना स्टिरिओ फ्लॅक घेत नाही, तिथे इलाज नाही. साइटवरून ‘फ्री एन्कोडर पॅक’ घ्या. गाणी निवडून उजवं क्लिक, ‘कन्व्हर्ट’, शेवटचे तीन टिंब. फॉरमॅट एमपी३, दर्जाची पट्टी १९० केबीपीएसच्या आसपास. ‘डेस्टिनेशन’मध्ये निराळं फोल्डर द्या, म्हणजे मूळ फाइल आणि नक्कल शेजारीशेजारी येऊन घोळ होणार नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, जुन्या स्टिरिओंना तेच वाचता येतं. आधीच एमपी३ असलेल्या गाण्यांना कन्व्हर्टमधून काढू नका, नुसतं कॉपी करा. मूळ फाइल कुठल्याही परिस्थितीत पुसायची नाही.

वेव्ह फाइलींनी जागा खाल्ली असेल तर याच मार्गाने त्यांची फ्लॅक करा. मामांकडची कॅसेट मी दुसऱ्यांदा उतरवली ती थेट फ्लॅकमध्येच ठेवली. आईला लावून दाखवली. तिने ओव्या पूर्ण ऐकल्या, मग म्हणाली, “हा डावीकडचा माग. त्याचा एक खटका ढिला होता.”

गाण्यांचं आणि पोर्टेबल फूबारचं फोल्डर मिळून दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून ठेवलंय. ती डिस्क अक्कलकोटला मामांकडे असते. त्यांच्या संगणकावर ड्राइव्हचं अक्षर वेगळं आलं तर लायब्ररीचं फोल्डर एकदा पुन्हा दाखवावं लागतं, ते त्यांना कागदावर लिहून दिलंय.